मूठभर रुई

टर्रकन शिवण उसवली, तशी दुपारच्या शांततेत निजलेली उमेरा दचकली. नसरीननं एका हातानं लेकीला थोपटलं आणि दुसऱ्या हातानं जुन्या खोळीतली रुई बाहेर ओढली. दबून काळपट पडलेली. पण पिंजली असती तर पुन्हा फुलली असती.

गादी ॲडमिरलसाहेबांची. साहेब इथलेच, दारव्ह्याचे; सगळा जन्म नौदलात गेला. त्यांची टोपी, दुर्बीण, आईला लिहिलेली पत्रं, सारं नव्या स्मारकात मांडायचं होतं, ही गादीसुद्धा. भरली होती ती नसरीनच्या आजेसासऱ्यांनी, हाफिजमियांनी.

दारात स्मारक समितीचे धर्मपाल उभे होते. काखेत फोमची गुंडाळी.

"रुई काढा अन् हा भरा, भाभी. वर साहेबांचं पत्र लावून राह्यलो. आयका: 'आई, समुद्रावर झोप लागत नाही. मग तू पाठवलेल्या गादीवर पाठ टेकतो. दारव्ह्याच्या कापसाचा वास येतो, आणि डोळा लागतो.' पानी येते डोळ्यात!"

"अन् खाली फोम?"

"आत कोन पाह्यते?"

रस्त्यावर कापसाच्या गाड्या परवापासून रांगेत उभ्या होत्या. घेणारा नव्हता.

"भाऊ, गावचा कापूस उन्हात पडून हाय, अन् साहेबाच्या गादीत तुम्ही फोम भरता? जराशी लाज धरा!"

"नसरीन," आतून तिचा नवरा जमीर हळूच म्हणाला. तो समोर आला नाही. "तिथल्या साऱ्या खुर्च्यांचं काम आपल्यालेच देऊन राह्यले ते."

तिनं फोमची गुंडाळी हातात घेतली.

"जुन्यातली एक मूठ तरी राहू द्या, भाऊ. आमची पिंजाऱ्यांची रीत हाय."

"कीड लागन. फेका, नाई त पोरीच्या उशीत भरा."

"एका घरची रुई आम्ही दुसऱ्या घरात भरत नाई."

धर्मपाल हसले आणि गेले.

गुडघा देऊन देऊन तिनं फोम आत कोंबला. शेवटचा टाका राहिला, तेव्हा एकदा दाराकडे पाहिलं. मूठभर रुई उचलली आणि गादीच्या उशाकडच्या कोपऱ्यात खोल सारली.

उमेरा उरलेल्या ढिगात मांडी घालून बसली होती. केसांना, भुवयांना रुई.

"अम्मी, हे माह्या उशीत नाई भरायचं?"

"नाई, बेटा."

"साहेबाले बी नाई पाह्यजे?"

दोरा दातात धरून नसरीननं मान हलवली.

"मंग हा कापूस आता कोनाचा?"