टॅलिनला न उतरलेली ट्रॉली

मी एक जुनी ट्रॉली आहे आणि शेवटी मीच जिंकले.

मित्रांनो, वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. अजून काहीच घडलेलं नाही. मी हेलसिंकीतल्या एका इमारतीच्या तळघरात, जाळीच्या खोलीत, बर्फावर घसरायच्या स्की-पट्ट्यांशेजारी उभी आहे. जिंकणं दूरच, मी भंगारात जाणार की नाही हेही ठरलेलं नाही.

माझा जन्म लाहती गावच्या कारखान्यात झाला. दोन चाकं, एक दांडा, खाली लोखंडी पाट आणि सामान बांधायला आकड्यांचा रबरी दोर, एवढाच माझा संसार. टाउनो नावाच्या गृहस्थाने मला विकत घेतलं आणि लगेच परदेशात नेलं. परदेश म्हणजे टॅलिन. सकाळच्या बोटीने समुद्र ओलांडायचा, तिथल्या स्वस्त दुकानातून बिअरचे खोके उचलायचे आणि संध्याकाळी घरी. आमच्याकडे याला सहल म्हणतात.

पहिल्याच सहलीत मी टॅलिनच्या दगडी रस्त्यांवरून खोक्यांचा डोंगर न सांडता आणला. टाउनोने माझ्या दांड्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चालतंय." मित्रांनो, लग्नाच्या दिवशी त्याने बायकोचं, इर्मेलीचंही इतकं तोंडभरून कौतुक केलं नव्हतं.

अशी वर्षं गेली. मग या वसंतात ती आली.

तिला चार चाकं होती, चारही स्वतःभोवती फिरणारी. वर लाल कापडाची पिशवी. ती चालली की आवाज होत नसे. मी चालले की अख्ख्या इमारतीला कळतं. याला मी प्रामाणिकपणा म्हणते. इर्मेलीने तिला घरात, दाराजवळ, कोटांपाशी ठेवलं. मला कधी कुणी कोटांपाशी ठेवलं नव्हतं. मला कोटांचं काही नाही. कोट म्हणजे शेवटी कोटच. पण विचारायला काय जातं?

उन्हाळ्यातला आमचा मोठा सण जुहान्नुस जवळ आला. तळ्याकाठच्या घरी पाहुणे येणार होते, म्हणून बिअर आणायला टॅलिनला आम्हा दोघींना न्यायचं ठरलं.

"कोटांपाशी मला पाय ठेवायला जागा नाही आणि जाळीत एकीपुरतीच आहे," टाउनो म्हणाला. "जी ओझं नीट आणेल ती जाळीत. दुसरी भंगारात."

"आणि दोघींनीही नीट आणलं तर?"

"तर जाळीत मी राहतो."

"राहा की. सॉनाचं गरम स्नानघर तळघरातच आहे," इर्मेली म्हणाली.

बोटीवर आम्ही कराओकेच्या मंचाजवळ बसलो. इर्मेलीने टँगो गायला नाव दिलं. पलीकडच्या टेबलावर काउको नावाचा टोपीवाला म्हातारा एकटाच बसला होता. त्याने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. तिच्याकडे म्हणजे इर्मेलीकडे नव्हे.

"चाकं अडकत नाहीत?" त्याने विचारलं.

"नाही," टाउनो म्हणाला.

टाउनो अनोळखी माणसाशी बोलला! माझ्यामुळे तो इतक्या वर्षांत एका शेजाऱ्याशीसुद्धा बोलला नव्हता.

तेवढ्यात टॅलिनचे मनोरे दिसले. उतरायची सूचना झाली. टाउनो उठला.

"टॅलिन आलं."

"मला दिसतंय. माझ्यापुढे दोघंच आहेत."

"उतरायचंय, इर्मेली."

"नाव दिलंय, टाउनो."

टाउनो परत बसला. मित्रांनो, आमच्याकडे माणूस एक वेळ नवरा बदलेल, पण कराओकेला नाव देऊन रांग सोडणार नाही. पुढचा गृहस्थ सगळी कडवी गायला. त्याच्यानंतरच्या बाईने रडत रडत तेच गाणं पुन्हा म्हटलं. बाहेर उतारावरून इतर ट्रॉल्यांची खडखड ऐकू येत होती. मग दारं लागली. इर्मेली मंचावर गेली तेव्हा बोट परत निघालेली होती. गायली मात्र सुरेख.

"आता बिअर?" टाउनोने मंचाखालून विचारलं.

"पाहुण्यांना ताक देऊ."

"जुहान्नुसला?"

टाउनोचा चेहरा ताकासारखा झाला. माझी तर परीक्षाच बुडाली.

तेवढ्यात बोट डुलली आणि ती लाल पिशवीवाली सुळकन घसरत नाचाच्या जागेवर गेली. काउको उठला. त्याने टोपी काढून तिला वाकून विचारलं, तिचा दांडा धरला आणि टँगो सुरू केला. ती प्रत्येक गिरकीवर गिरकी घेत होती. लोक टाळ्या वाजवत होते.

"पायावर पाय देत नाही," काउको सगळ्यांना सांगत होता.

मी भिंतीला टेकून पाहत होते. मलाही नाचता आलं असतं. फक्त कुणीतरी मला थोडं कलतं धरायला हवं होतं. कुणी धरलं नाही.

इर्मेली हसत हसत मंचावरून उतरली आणि तिचा पाय मुरगळला. हेलसिंकी येईपर्यंत घोटा पावासारखा फुगला.

"चालता येतंय?"

"येतंय." तिने एक पाऊल टाकलं. "नाही येत."

टाउनोने तिला लाल पिशवीवर बसवलं. चार चाकं चार दिशांना निघाली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. इर्मेलीला माझ्या पाटावर उभं केलं, कमरेभोवती रबरी दोर गुंडाळून आकडा अडकवला आणि मला मागे कलतं केलं.

"खोक्यासारखं बांधतोयस मला!"

"खोकी बोलत नाहीत."

"हळू ओढ. हलवलंस तर फेस येईल."

मी खडखडत निघाले. बंदराच्या धक्क्यावरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. आमच्याकडे याला दंगल म्हणतात. इर्मेलीचं वजन मी सांगणार नाही. मी चांगल्या घरातली आहे.

ट्रामच्या थांब्यावर टाउनोने निकाल दिला. "हिने आणलं. ती भंगारात."

मागे काउको उभा होता, हातात टोपी घेऊन. "भंगारात कशाला? मी नेतो. शनिवारी नाचाला जातो मी. माझ्याबरोबर कुणी उठत नाही."

आणि तो तिला घेऊन गेला. जातानाही तिचा आवाज झाला नाही.

तर मित्रांनो, वरचं पहिलं वाक्य आता वाचायला हरकत नाही. मी जिंकले आणि जाळीत परतले. पाहुण्यांनी ताक प्यायलं, एकाने तर पुन्हा मागितलं. ती मात्र दर शनिवारी तळ्याकाठच्या लाकडी मंडपात नाचते. काउकोने तिला निळी पिशवी शिवली आहे, सणासुदीसाठी. हे इर्मेलीने टाउनोला सांगितलं, तेही माझ्यासमोर.

म्हणून मुलांनो, जुन्या वस्तूंना जपा. त्यांना तेल द्या, कोरडं ठेवा, आणि त्यांच्यासमोर दुसऱ्यांच्या पिशव्यांबद्दल बोलू नका.

माननीय नौकानयन खात्यास सविनय विनंती करण्यात येते की, प्रत्येक बोटीवर दोनचाकी ट्रॉल्यांना टँगोच्या वेळी योग्य कोनात कलतं धरण्यासाठी एक सरकारी कर्मचारी कायमस्वरूपी नेमण्यात यावा. कर्मचारी उंच असावा. त्यास टोपी असल्यास प्राधान्य द्यावे.