आगीचं पाणी

साखराबाईनं सुंदररावाला आधी माफ केलं होतं, हे पहिल्यांदाच सांगून टाकतो. मेंढरं मेली त्या दिवशी तिनं त्याला साधी शिवीसुद्धा दिली नाही.

दुष्काळाचं साल होतं. दिंद्रुडकडच्या माळांवर चाराही संपला आणि पाणीही. कळप हाकत ती एका सहकारी साखर कारखान्यापाशी आली. तिथं स्पिरिटच्या गोदामामागं ही एवढी थोरली लोखंडी टाकी. गोदामात आग लागली तर छतातल्या फवाऱ्यांनी आपोआप पाणी सोडावं, म्हणून ती कायम भरून ठेवायची. साखराबाईनं कारखान्याचा चेअरमन सुंदरराव याच्या गाडीपुढं पदर पसरला.

"मालक, एक डोणीभर पाणी द्या. मुकी जनावरं हायती."

सुंदररावानं काच खाली घेतली, तीही अर्धीच. "बाई, ते आगीचं पाणी हाय. उद्या भडका उडाला तर माझी माणसं कशानं वाचवू? हात लावायचा न्हाई."

आणि तिला ते पटलं हो! निम्मा कळप तिथंच फाटकापुढं आडवा झाला. मोरी नावाची तिची लाडकी मेंढी तिच्या मांडीवर डोकं टाकून मेली. माणसांच्या जिवापायी गेली, असं म्हणत तिनं डोळे पुसले आणि उरलेली मेंढरं घेऊन वाट धरली.

मग सुंदररावाचाच निरोप आला. मोसंबीच्या बागेत मेंढरं बसवायची होती. रात्रभर कळप रानात बसला की लेंडीखत आपसूक पडतं, बदल्यात धनगराला धान्य द्यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. लेंडीखताचा लोभ चेअरमनलाही आवरला नाही, आणि तिथंच त्यानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

उजाडलं तेव्हा सगळी मेंढरं एकाच जागी माती उकरत होती. खाली काळा पाइप, आणि सांध्यातून पाणी झिरपतंय. गावात माणसांना प्यायला पाणी नाही, अन् ह्याची बाग हिरवीगार! साखराबाई पाइपाच्या मागोमाग निघाली, ती थेट त्या लोखंडी टाकीपाशी पोचली. काठी पुरेल तिथवर तिनं टाकी वाजवून बघितली. सगळीकडून नुसतं ठणठण.

"तुझा मुडदा बशिवला तुझा!" तिच्या अंगाची लाही लाही झाली. "माझी मोरी तुझ्या मोसंबीपायी मेली व्हय रं?"

पण मेंढरामागच्या बाईचं कोण ऐकणार? ह्याच्याच तोंडून वदवायचं, चारचौघांत, असं तिनं ठरवलं.

कारखान्याची वार्षिक सभा भरली. सभासदांना नवे फवारे दाखवायला चेअरमन गोदामाकडं घेऊन निघाले. फाटकावर धुळाजी वॉचमन प्रत्येकाच्या विड्या-काडेपेट्या काढून घेत होता. गड्यांच्याच हां. बाईमाणसाची कनवट कोण तपासतो? साखराबाई गर्दीतून सरळ आत गेली.

गोदामाच्या दारात सुंदररावाला भाषणाचा जोर चढला. "सभासद बंधूंनो, इथं ठिणगी पडली की छतातून पाऊस पडतो!"

साखराबाई पुढं झाली. कनवटीची काडेपेटी काढून तिनं काडी पेटीला टेकवली.

"मंग पाडा की पाऊस. लई दिस झाले बघून."

"आत्या, टाक ती!" धुळाजी ओरडला. लोक मागं सरले, पण पळालं कुणी नाही. वर फवारे आहेत, ह्या भरवशावर सगळे उभे होते. पळाला तो एकटा सुंदरराव. दोन संचालकांना ढकलून, धोतराचा सोगा धरून निघाला, तारेच्या कुंपणात अडकला आणि तिथूनच बोंबलला, "पाणी न्हाई! आगं बाई, टाकीत पाणी न्हाई!"

साखराबाईनं काडी पेटीत ठेवली. असा गारवा तिच्या काळजाला कितीतरी दिवसांनी लागला होता.

"मालक," धुळाजी कुंपणापाशी येऊन म्हणाला, "आख्खा उन्हाळा म्या ह्या भिंतीला टेकून बसलोय." त्यानंतर चेअरमनला कामगारांच्या तावडीतून सोडवायला पोलीस बोलवावे लागले.

सुंदररावाची खुर्ची गेली. कामगारांनी बागेचा पाइप तोडला आणि कारखान्याच्या विहिरीचं थोडं थोडं पाणी टाकीत साठू लागलं. कुणीतरी तिच्या मेंढरांसाठी बादली भरून आणली, तर साखराबाईनं ती परत टाकीत ओतायला लावली.

बाग वाळत गेली. गळलेला पाला चारायला ती रोज कळप तिथं नेई, आणि सुंदरराव बांधावर बसून बघत राही. एके दिवशी तो टाकीपाशी आला. चेहरा पार उतरलेला. धुळाजीपुढं हात जोडून म्हणाला, "एक टँकर दे बाबा. दहा वर्षांची झाडं हायत. डोळ्यांदेखत मरायलीत."

धुळाजीनं साखराबाईकडं बघितलं. ती भिंतीच्या सावलीला बसली होती, मोरीच्या गळ्यातली घंटा पदरानं पुसत.

"ते आगीचं पाणी हाय, सुंदरराव," ती म्हणाली. "हात लावायचा न्हाई."