मोराच्या गळ्याचा निळा

माणसाच्या डोक्यातली विद्या कागदावर उतरलीच पाहिजे, नाहीतर ती माणसाबरोबर जाते. हे मी पन्नास वर्षं विनोदी सदरांतून गंभीरपणे सांगत आलो. रविवारी सकाळी फलकने आमच्या वायफायचा पासवर्ड विचारला, तेव्हा तो कुठे उतरवलाय हेच आठवेना. शेवटी उज्वलाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, तो कॅलेंडरच्या पाठीमागे दाखवला.

फलक इंदिरानगरात आमच्या वरच्याच मजल्यावर राहते, प्रोग्रामर आहे. तिचं नेट बंद पडलं होतं आणि येवल्याहून तिचे अब्बा, रहेमानभाई, नेमके त्याच दिवशी आलेले. चाळीस वर्षं पैठणी विणलेला माणूस. पदरावरचा त्यांचा मोर कुठेच लिहिलेला नाही. कुठल्या ओळीत कुठल्या रंगाचे किती धागे, सगळं डोक्यात. आता हात थरथरतात, माग बंद आहे. मोर उतरवून घ्यायला फलकने एक छोटी भाषाच तयार केली होती: ‘गळा निळा ४’, अशी.

“एकदाच सांगेन,” अब्बांनी बजावलं होतं. “पटलं नाय तर दुपारच्या एसटीनं परत.”

लॅपटॉप आमच्या जेवणाच्या टेबलावर आला. ज्यात ती प्रोग्राम लिहिते त्या एडिटरला ही भाषा परकी, त्यामुळे पडद्यावर सगळी अक्षरं पांढरी. कुठला शब्द अवयव, कुठला रंग, कुठला आकडा, हे फलकने एका फाइलमध्ये लिहून त्याला शिकवलं. अवयव गुलाबी झाले, रंग पिवळे, आकडे नारंगी. मी टाळी वाजवली.

“अब्बा, ही नमुन्याला गळ्याची ओळ.”

रहेमानभाई पुढे वाकले. “मोराच्या गळ्यात नारंगी? आणि हे करडं काय? धागा उन्हात राहिला का?”

“ती माझी टीप आहे. करडं म्हणजे विणायचं नाही.”

“मग मागावर चढवलं कशाला?” ते पिशवी घेऊन उठले. “हा मोर येवल्यात कुणी कोंबडी म्हणूनसुद्धा घेणार नाय.”

फलकचा चेहरा उतरला. उज्वलाने शहाणपणाने चहा पुढे केला. चहा टाकून रहेमानभाई कुठेच जात नाहीत. तेवढ्यात फलकने ती फाइल पुन्हा उघडली आणि रंगाच्या प्रत्येक शब्दाला त्याचाच रंग दिला. फाइलीत एक स्वल्पविराम टाकायचा राहिला, तर सगळा मोर पुन्हा पांढरा.

“मेला,” रहेमानभाई बशीतून म्हणाले.

स्वल्पविराम घातला. निळा निळा झाला, हिरवा हिरवा. टिपा दुसऱ्या फाइलीत हद्दपार.

“हां. आता गळा आला.”

पिशवी खाली ठेवली गेली. टेबलाखाली त्यांचे पाय मागावर बसल्यासारखे चालू लागले; पाय थांबले की पुढची ओळ आठवत नसे. आमचं मांजर दोनदा विणलं जाता जाता वाचलं. फलक टाइप करत राहिली. दुपारची एसटी गेली. पिसारा पुरा झाला.

मला राहवेना. “रहेमानभाई, तुमची विद्या आता अमर झाली!”

ते बराच वेळ पडद्याकडे कौतुकाने बघत राहिले. मग हळूच लेकीकडे वळले.

“बेटा, अक्षरं जरा मोठी कर ना. सकाळपासून मला नुसते रंगच दिसतायत.”