उसना गारवा

मित्रांनो, मी एक जुना, खिडकीत बसवलेला एसी आहे. सौदी अरबातल्या कतीफमधल्या एका भाड्याच्या घरात गेली चौदा वर्षं मी घरघरतो आहे. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. लोखंडाला बाळपण कसलं? पण ताजुद्दीनने मला खांद्यावरून तीन जिने चढवून आणलं तो दिवस आठवतो. त्याची बायको सफूरा माझ्यासमोर डोळे मिटून उभी राहिली आणि म्हणाली, "आता जीव थंड झाला." एवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

सफूरा रत्नागिरीकडची. तिला लिहायचा भारी नाद. तिच्या मुलीच्या, अफनानच्या, शाळेने काढून टाकलेल्या पुस्तकांत तिला एका इंग्रज बाईंची कादंबरी मिळाली. बाई कधीच्याच वारल्या होत्या, पण मेलेल्या माणसांची त्यांना चांगली माहिती असावी. त्यांच्या कादंबरीत कुणी मेलेलं घरात यायचं झालं की आधी खोली गार पडायची. सफूराने शब्दकोश मांडीवर घेऊन ती तीनदा वाचली. त्या बाईंनी तिला पुरतं झपाटलं.

त्याच सुमारास तिकडे गावी सफूराची आई वारली. ताजुद्दीनचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याच्या कफीलने, म्हणजे कामावर ठेवणाऱ्या मालकाने, वेळेत नवा केला नव्हता, म्हणून सफूराला जायची परवानगी मिळेना. आईचं शेवटचं तोंडही तिला पाहता आलं नाही. निदान कागदावर तरी आई यावी, एवढंच तिला हवं होतं. माझ्यासमोर बसून तिने सात कथा लिहिल्या. सातही कथांत खोली गार पडायची आणि कोकणातली एक म्हातारी दारात उभी राहायची. पण बोलायची मात्र त्या इंग्रज बाईंसारखी. सफूरा वाचून वही मिटायची. "ही माझी आई नाही," असं पुटपुटायची. मी आणखी जोर लावायचो. मला वाटायचं, माझाच गारवा कमी पडतोय.

सातवी कथा तिने अफनानला वाचून दाखवली. पोरगी खुदकन हसली. "अम्मी, ठंडा हो गया तो डर क्यों? इधर तो सबको ठंडा ही चाहिए."

सफूराचा चेहरा उतरला. खरं सांगतो, मलाही लाज वाटली.

मग ऑगस्टातल्या एका दुपारी मी बंद पडलो. वर्षभर माझी जाळी कुणी धुतली नव्हती. घरघर थांबली आणि घर एकदम चिडीचूप झालं. सफूरा घामाने निथळत होती, पण उठली नाही. थोड्या वेळाने तिने मान पुढे वाकवली, लहान मुली वाकवतात तशी. उन्हाळ्यात तिची आई तिच्या मानेवर झावळीच्या विंझण्याने वारा घालायची. मित्रांनो, धुळीपायी खिडक्या चिकटपट्टीने बंद केलेल्या होत्या आणि मी तर निपचित पडलो होतो. तरी तिच्या मानेवरचे केस हलत होते. मी पाहिलं.

"आलीस?" सफूरा म्हणाली आणि लिहू लागली. त्या कथेत गारव्याचं नावही नव्हतं.

दोन दिवसांत मेकॅनिकने मला सुरू केलं. पण आता रोज दुपारी सफूरा स्वतःच मला बंद करते. तिची पहिली कादंबरी अशीच लिहून होते आहे. "मेलेल्यांसाठी जागा करायला मला त्या बाईंनीच शिकवलं," ती ताजुद्दीनला म्हणाली. "फक्त ती थंडी त्यांच्या घरची होती." जन्मभर मी माणसांना गार केलं, आणि या घरातल्या पाहुणीला मीच नको आहे. वाईट वाटतं. उद्या मला भंगारात काढतील, अशी भीतीही वाटते.

परवा अफनान शाळेतून लालबुंद होऊन आली. दप्तर टाकून तिने माझं बटण धरलं आणि आईकडे पाहून थबकली. हळूच विचारलं, "नानी गई क्या?"

"अजून नाही."

अफनानने हात मागे घेतला आणि घाम पुसत आईजवळ बसली.

मित्रांनो, माझी जाळी धुवा, धूळ झाडा. मी आनंदाने राबेन. पण घरात कुणी असं गप्प बसलेलं असेल, तर मला सुरू करण्याआधी त्यांना एकदा विचारा.