एका बाजूत शिजणारे बटाटे

आमच्या रेस्टॉरंटात लोक जेवायला कमी आणि जुन्या रेकॉर्डी ऐकायला जास्त येतात, असं आमच्या ह्यांचं ठाम मत आहे. भिंतभर दोन हजार तबकड्या आहेत, हे खरं; पण तबकड्या चावून कोणाचं पोट भरलेलं मी तरी पाहिलं नाही. पोटं भरतात माझ्या नणंदबाई. बारा वर्षं स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात आहे आणि तिथे घड्याळ नाही. बटाटे भट्टीत रेकॉर्डची एक बाजू संपेपर्यंत, सूपला दोन बाजू, कस्टर्डला तीन गाणी. कुठली तबकडी किती लांब, हे वन्संना तोंडपाठ. कधी चुकलं नाही.

गेल्या आठवड्यात सगळंच चुकायला लागलं. बटाटे कच्चे, कस्टर्ड पाणी. ताटल्या परत येऊ लागल्या. तिसऱ्या दिवशी वन्संनी एप्रन काढून माझ्या हातात दिला.

"अगं, माझा हात गेला. उद्यापासून दुसरी बाई बघा."

आम्ही दिवसातून दोनदा भांडतो. पण भांडायलासुद्धा मला हीच नणंद हवी होती.

मी भट्टी तपासली, दूधवाल्याला फैलावर घेतलं. मग काउंटरवर बसल्या बसल्या लक्षात आलं, तीन दिवस झाले, आमचे हे गप्पच आहेत. एरवी यांची आवडती गायिका लागली, की गिऱ्हाइकाला गाठून "काय भारदस्त आवाज!" म्हणून व्याख्यान ठरलेलं. आता ब्र नाही. आणि कान देऊन ऐकलं, तर त्या भारदस्त बाई चक्क पोरीसारख्या गात होत्या.

सोमवारी माझा भाऊ आला होता. कुठलंही मशीन दिसलं, की त्याचे हात शिवशिवतात. रेकॉर्ड प्लेयरचा सैल पट्टा त्याने बदलला, आणि माहेरचा माणूस म्हणून मीच त्याची पाठ थोपटली. म्हणजे बारा वर्षं मशीन हळू फिरत होतं, आणि बटाटे निवांत शिजत होते; आता बाजूच लवकर संपत होती!

मी ह्यांना ओढत स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगितलं.

"तुम्हाला कळलं होतं ना?"

"पहिल्याच गाण्याला," हे पुटपुटले. "पण बारा वर्षं लोकांना चुकीचं ऐकवलं, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

"आणि सख्खी बहीण काम सोडून निघाली, ते दिसलं नाही?" मी तापलेच.

वन्सं ह्यांच्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे माझा हात गेला नाही?"

"नाही ताई. माझा कान गेला."

मी घड्याळ आणते म्हटलं. "घंटेवर शाळा चालते, कस्टर्ड नाही," वन्सं म्हणाल्या. "नवा अंदाज बसायला महिना लागेल. तोवर काय कच्चं वाढू?"

ह्यांनी अडगळीच्या खोक्यातून जुना पट्टा शोधला आणि स्वतःच्या हातांनी परत चढवला. तबकडीजवळ कोणाला शिंकू न देणारा माणूस!

दुपारी हॉल भरला. एक जाणकार आजोबा कान टवकारून म्हणाले, "गाणं जरा ओढल्यासारखं वाटतंय का हो?"

ह्यांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता थाप मारतील.

"हो," हे भरल्या हॉलमध्ये खणखणीत आवाजात म्हणाले. "मशीन हळू चालतं. ताईच्या बटाट्यांसाठी."

वन्सं दारातच होत्या. त्या दिवशी बटाट्यांची पहिली ताटली त्यांनी गिऱ्हाइकाला नाही, भावाला वाढली.