राणीचा सज्जा

बऱ्याच वर्षांनी परत गेलं की आपलं शहर ओळखू येत नाही, असं म्हणतात. तिला ते लगेच ओळखू आलं, कारण आता प्रत्येक गोष्टीपुढे पाटी होती. विहिरीपुढे पाटी, जिन्यापुढे पाटी. ज्या भिंतीवर तिचे वडील भिजलेली सतरंजी वाळत घालायचे, तिच्यापुढेही पाटी: ‘कृपया स्पर्श करू नये.’

वडील राजवाड्याचे पहारेकरी होते. राहायला दरवाज्यामागच्या दोन खोल्या. म्हणजे भावंडांचं बालपण राजवाड्यात गेलं असं म्हणता येतं, आणि तिचा दादा तसं म्हणायचाही, पर्यटकांसमोर, छातीवर हात ठेवून. दादा तिथला वाटाड्या. त्या खोल्यांचं आता तिकीटघर झालं होतं. आईची शेगडी होती तिथे एक मुलगी बसून, मान वर न करता, सुटे पैसे मागायची.

ती स्वतः दुसऱ्या शहरात, बांधकामाचं सामान तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. दगड, चुना, सिमेंट यंत्रात दाबून फोडायचं आणि केवढ्या जोराला फुटलं ते लिहायचं, हे काम. दादा लहानपणापासून तिला मोजपट्टी म्हणायचा.

“मोजपट्टी, आज माझा फेरफटका बघ,” तो म्हणाला. “मापं काढायची नाहीत. नुसतं ऐकायचं.”

तिनं ऐकलं. विहिरीत बिनमुंडक्याचा शिपाई राहतो आणि वाकून बघणाऱ्याचं मुंडकं मागतो. अंधाऱ्या जिन्यात कुणी धावलं की भिंतीतला फितूर सरदार पाय ओढतो. लोक माना डोलावत होते. पाटीवरही हेच होतं, आणि खाली बारीक अक्षरात ‘स्थानिक परंपरेनुसार’. परंपरा म्हणजे दादा. पाट्या लिहायला आलेल्या साहेबांना त्यानंच सगळं सांगितलं होतं. आणि दादाला सांगितलं होतं आईनं, कारण पोरं विहिरीत वाकत होती आणि जिन्यात धावत होती. थोडक्यात, दोन पोरांचे हातपाय शाबूत राहावेत म्हणून एका बाईनं जे रचलं, ते शहरानं इतिहास म्हणून चौकटीत बसवलं होतं. दादाला ते आता आठवतही नसावं.

फेरफटक्याचा शेवट राणीच्या सज्ज्यात. राजवाड्याच्या मागच्या भिंतीतून बाहेर आलेला, चारपाच माणसांनी जेमतेम उभं राहावं एवढा दगडी सज्जा. जमिनीच्या फरशीला मधोमध एक गोल भोक.

“या छिद्रातून राणी प्रजेवर फुलं उधळायची,” दादा म्हणाला. तिनं भोकाकडे पाहिलं, खाली भिंतीवरून उतरणारा दगडी नळ पाहिला, आणि नुसतं ऐकायचं कबूल केलेलं असल्यामुळे गप्प राहिली.

“आणि राजाचं जहाज बुडाल्याची खबर आली, तेव्हा राणी इथे अशी टेकली...” दादा उलटा चालत गेला, पाठ कठड्याला टेकवली, दोन्ही हात पसरले आणि डोळे मिटून मागे झुकला. कठडा करकरला. पर्यटकांनी फोटो काढले. मग त्यांच्यातले जे हौशी होते तेही पाळीपाळीनं टेकले.

सगळे गेल्यावर ती कठड्यापाशी गुडघ्यावर बसली. कुणा शहाण्यानं जुन्या चुन्यावर सिमेंट थापलं होतं. दगडातली लोखंडी कांब आत गंजून फुगली होती आणि त्या फुगण्यानं दगडच उकलला होता. तिनं आपलं तिकीट फटीत सरकवलं. ते आत गेलं, पलीकडून निघालं आणि तरंगत बागेत जाऊन पडलं.

“दादा, हा कठडा पडणार आहे. तुझ्यासकट.”

“अगं, राणीच्या काळापासून उभा आहे.”

“म्हणूनच पडणार आहे.”

“तुझ्या यंत्रात सगळंच फुटतं. सज्जा काढला तर माझ्याकडे उरलं काय? विहीर? तिला जाळी बसवलीय, त्या शिपायाला आता कोण विचारतं?”

ती राजवाड्याच्या कार्यालयात गेली. तिथल्या साहेबांनी तिचं म्हणणं अतिशय आदरानं ऐकलं. सूचना मोलाची आहे, पण गर्दीचा मोसम संपल्याशिवाय काही बंद करता येत नाही, असं ते म्हणाले. तोवर कठडा पडला तर, असं तिनं विचारलं. तर मग तो बंदच होईल, ते म्हणाले. हा युक्तिवाद खोडण्यासारखा नव्हता.

संध्याकाळी दादाच्या घरी आई शेंगा सोलत बसली होती. तिला ऐकायला कमी यायचं, पण नको तेवढंच.

“राणी मीच मारली,” कठड्याचं ऐकून आई म्हणाली. “तुम्ही दोघं त्या कठड्यावर घोडा घोडा खेळायचात. तिला ढकलली तेव्हा कुठे उतरलात.”

“आता लोक ती कुठे मेली ते बघायलाच तिथे टेकतात. दादा तर दिवसातून किती वेळा मरतो.”

“तो खुळाच आहे. मी लांब राहायला सांगितलं होतं, पाठ करायला नव्हे.”

“मी उद्या सांगते, तिथे गेलं की माणूस मरतो म्हणून.”

“म्हणजे आणखी येतील. भीतीनं पोरं लांब होतात गं, मोठी जवळ सरकतात. मोठ्यांना लांब ठेवायला किळस लागते.”

“मला रचून सांगायला जमत नाही, आई. माहीत आहे ना तुला.”

“मग न रचता सांग,” आई म्हणाली आणि टरफलं गोळा करायला लागली.

तिला ते गोल भोक आठवलं, आणि घरात आल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा फेरफटक्यात होती. राजाचं जहाज बुडालं. दादा उलटा चालू लागला.

“एक सांगू का,” ती म्हणाली. आवाज प्रयोगशाळेतला, ना वर ना खाली. “हा सज्जा नाही. हा राजवाड्याचा संडास आहे. ते छिद्र फुलांचं नाही. खालचा दगडी नळ त्यासाठीच आहे. कठडा हाताला आधार म्हणून.”

मग सगळे एकदम हलले. कठड्यावर कोपर टेकून उभ्या असलेल्या एका बाईंनी कोपर असं उचललं की जणू भाजलंच, आणि पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या. कुणीतरी आपल्या बुटांकडे पाहिलं. दादा हात पसरून, मागे न झुकता, तसाच उभा राहिला. मग त्यानं पाठ हळूच पुढे घेतली.

“छान,” तो बाहेर आल्यावर म्हणाला. “राणीला हागवलंस. झालं समाधान?”

“झालं.”

दुपारच्या फेरफटक्यात ती बोलावणं नसताना मागे जाऊन उभी राहिली. दादा सज्ज्याच्या दारातच थांबला होता. दारात त्यानं कपडे वाळत घालायची दोरी आडवी बांधली होती. पलीकडे पाऊल टाकायची कुणाला इच्छा दिसत नव्हती, पण माना सगळ्यांच्या लांब झाल्या होत्या.

“राणी इथे तासन्‌तास बसून असायची,” दादा आवाज खाली आणून म्हणाला.

“का बरं?” एका गृहस्थांनी विचारलं.

गर्दीच्या डोक्यांवरून दादानं बहिणीकडे पाहिलं.

“कारण राजाचा आचारी शत्रूला फितूर होता.”

लोक हळहळले. एका मुलीनं ते लिहून घेतलं. आचाऱ्याबद्दल कसलाही पुरावा नाही, हे सांगायला मोजपट्टीनं तोंड उघडलं. मग दादाची पाठ आणि कठडा यांच्यामधलं अंतर तिनं नजरेनं मोजलं आणि तोंड मिटलं.