तांदळावरचं नाव

पुनमला शाळेसाठी घरातल्या एखाद्याचं चरित्र लिहायचं होतं. तिने चैत्रात वारलेली आजी निवडली.

"आबा, आजीचं लग्नाआधीचं नाव काय?"

"माहीत नाही गं," झुलालआबा म्हणाले. लग्नात ताटातल्या तांदळावर त्यांनीच अंगठीने 'प्रमिला' लिहिलं होतं. माहेरी तिला सगळे अक्का म्हणत. आधीचं नाव त्यांनी बेचाळीस वर्षांत विचारलंच नव्हतं.

"बायकोचं नाव माहीत नाही?" पुनम हसली.

आबांनी साक्रीला मेहुणीला फोन लावला.

"सविता व्हतं, दाजी," ती म्हणाली. "नाव बदललं त्या दिवशी भलती रडनी ती."

पुनमने ते वहीत उतरवलं. आबांनी नाव हळूच उच्चारून पाहिलं. या नावाने हाक मारली असती, तर तिने कसं वळून पाहिलं असतं, हे आता कोणाला विचारणार?